खाडीतील चिंबोरी आणि मासेमारीचा परवाना

चिंबोऱ्या धरून बाजारात विकावयाच्या तर त्यासाठी सरकारी परवाना लागतो काय, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु खाडीकाठच्या एखाद्या ग्रामसेवकाला, तलाठ्याला किंवा सरपंचाला तो कोणी विचारला, तर एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही. 'होय' म्हणावे तर ज्याच्याजवळ साधी होडीही नाही, असा ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून लोखंडी आकडीने बिळातील चिंबोरी काढणारा माणूस विनाकारण अपराधी ठरतो. 'नाही' म्हणावे तर इंजिन बसविलेली नौका घेऊन जाळी टाकणारा मालकही त्याच उत्तराचा आधार घेऊन मोकळा होतो. पहिला माणूस बहुधा कातकरी, आगरी किंवा कोळी कुटुंबातील असतो. अनेकदा ती घरातील स्त्री असते आणि दिवसभराच्या मेहनतीतून हाती येणाऱ्या पाच-सहा चिंबोऱ्यांवर त्या दिवसाची चूल अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाची उकल थोड्या तपशिलाने करणे अगत्याचे आहे.

प्रथम कोणता खेकडा, हे ठरविले पाहिजे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर बांधांवर आणि ओढ्यांत दिसणारे मुठे हे गोड्या पाण्यातील खेकडे होत. ते बहुतांशी घरच्या कालवणापुरते धरले जातात. त्यांचा विचार येथे केलेला नाही. व्यापारी महत्त्व आहे ते दोन गटांना. पहिला गट समुद्रात पोहणाऱ्या खेकड्यांचा. पाठीवर तीन ठळक ठिपके असलेला खेकडा आणि निळसर पायांचा खेकडा हे त्यांतील परिचित प्रकार. ते ट्रॉल जाळ्यात, डोल जाळ्यात आणि तळाशी लावलेल्या जाळ्यांत इतर मासळीबरोबर येतात. दुसरा गट कांदळवनाच्या चिखलात वाढणाऱ्या मोठ्या खेकड्याचा. मुंबई, ठाणे व रायगडकडे त्याला चिंबोरी म्हणतात. तळकोकणात खेकड्याला सर्रास कुर्ली हाच शब्द चालतो. शास्त्रज्ञ या गटास 'सायला' या नावाने ओळखतात. त्यातील 'सायला सेराटा' ही जात दोन किलोग्रॅमच्याही वर वाढू शकते, तर 'सायला ओलिव्हेशिया' ही तांबूस नांग्यांची जात आकाराने लहान राहते. चिंबोरी जिवंत विकली जाते. नांग्या सुतळीने बांधून टोपलीत ओलाव्यात ठेवली की ती बरेच दिवस तग धरते आणि आग्नेय आशियातील बाजारपेठांपर्यंत जिवंतच पोहोचते.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१ व्या क्रमांकाचा विषय आहे; प्रादेशिक जलधीच्या पलीकडील मासेमारी मात्र संघसूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. प्रादेशिक जलधी म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा, सुमारे २२ किलोमीटर रुंदीचा पट्टा. या पट्ट्यातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आणि त्याखालील १९८२ चे नियम यांनुसार होते.

या अधिनियमाचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला, हे लक्षात घेतल्यास त्याची रचना समजते. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर नौका मोठ्या संख्येने किनाऱ्याजवळ येऊ लागल्या. पारंपरिक मच्छीमारांची जाळी तुटू लागली, संघर्ष होऊ लागले. केंद्र शासनाने राज्यांसाठी एका विधेयकाचा नमुना तयार केला. केरळ व गोवा येथे १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली त्या धर्तीचे कायदे झाले. म्हणजे मूळ वाद नौका आणि नौका यांच्यातील होता. साहजिकच कायद्याने परवान्याचा विषय धरला तो नौका हाच. कोणता मासा धरला जातो यावर परवाना अवलंबून नाही. तो कोणत्या नौकेतून, कोणत्या जाळ्याने आणि कोठे धरला जातो, यावर आहे.

अधिनियमातील मासेमारी नौकेची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. यांत्रिक साधन असो वा नसो, नफ्यासाठी सागरी मासेमारी करणारे जहाज अथवा होडी म्हणजे मासेमारी नौका. वल्ह्याची होडी किंवा डोणीही त्यातून सुटत नाही. तेव्हा घरच्या जेवणापुरती मासळी धरणारा आणि विक्रीसाठी धरणारा यांतील भेद 'नफ्यासाठी' या एका शब्दाने झालेला आहे. आणि पायी चालत चिखलात उतरणारा माणूस मुळात नौकाच वापरीत नसल्याने या परवान्याच्या कक्षेतच येत नाही. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे : होडीतून व्यापारी स्वरूपाची सागरी मासेमारी करावयाची असेल तर परवाना हवा, मग जाळ्यात येणारा जीव बोंबील असो, कोळंबी असो वा चिंबोरी असो. नौकेविना हाताने किंवा आकडीने धरणाऱ्यास हा परवाना मागण्याचे कारण नाही.

येथे नोंदणी आणि परवाना यांची गल्लत होते, असा अनुभव आहे. नोंदणी ही नौकेची ओळख होय. नौका कोणाची, तिची लांबी किती, इंजिन कोणते, तिचे बंदर कोणते याची ती नोंद. नौकेच्या अंगावर रंगविलेला क्रमांक तिच्यातूनच येतो. परवाना ही मासेमारीची अनुज्ञा होय आणि ती विशिष्ट जाळ्यासाठी, विशिष्ट अटींवर, ठराविक मुदतीसाठी असते. नोंदणी आहे म्हणून परवान्याची गरज नाही, असे होत नाही. आता दोन्हींसाठीचे अर्ज 'रिअल क्राफ्ट' या केंद्रीय संगणकीय प्रणालीवर करावयाचे असतात. ज्यांना ते जमत नाही अशांना सहकारी मच्छीमार संस्थेची किंवा गावातील सेवा केंद्राची मदत घ्यावी लागते. शाळेतील शिक्षकांनी एवढा एक अर्ज भरून दिला तरी एखाद्या छोट्या होडीवाल्याची तालुक्याची खेप वाचते.

परवाना अधिकाऱ्याने अर्जाचा निर्णय करताना नौका नोंदलेली आहे काय, नौकेची व जाळ्यांची स्थिती कशी आहे, आणि त्या क्षेत्रासाठी शासनाने काढलेले आदेश काय आहेत, हे पाहावयाचे असते. अर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय परवाना नाकारता येत नाही. दिलेला परवाना रद्द किंवा निलंबित करतानाही तीच दक्षता आवश्यक आहे. निर्णय मान्य नसल्यास अपिलाची तरतूद आहे. छोट्या होडीच्या मालकाला या संधीची कल्पना सहसा नसते. तोंडी 'नाही' ऐकून परतणारे अर्जदार पाहिले, की लेखी कारण मागण्याचा हक्क त्यांना कोणी तरी सांगावयास हवा होता असे वाटते.

मूळ अधिनियमात उल्लंघनाच्या प्रकरणांचा निर्णय तहसीलदारांकडे होता. महसुलाच्या कामांच्या गर्दीत अशी प्रकरणे मागे पडत. २०२१ च्या सुधारणेने हे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडाच्या रकमाही पुष्कळ वाढविण्यात आल्या. तहसील कार्यालयातील जुन्या कर्मचाऱ्यांना हा बदल ठाऊक असला तरी गावपातळीवर अजूनही तक्रार घेऊन लोक तहसीलदारांकडेच जातात. त्यांना योग्य कार्यालयाची वाट दाखविणे हे पंचायत सदस्याचे साधे पण उपयोगी काम आहे.

परवान्यांची संख्याच मर्यादित करण्याचा अधिकारही शासनास या अधिनियमाने दिला आहे. पारंपरिक नौका वापरणाऱ्यांचे हित, मत्स्यसाठ्याचे संरक्षण आणि किनाऱ्यावरील शांतता या गोष्टी ध्यानात घेऊन तो वापरावयाचा असतो. पर्ससीन जाळ्यांच्या बाबतीत २०१६ साली तो वापरण्यात आला. मासेमारीचा काळ सप्टेंबर ते डिसेंबर असा आखून देण्यात आला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणण्याचे ठरले. खेकड्यांच्या बाबतीत असे संख्येचे बंधन घालावयाचे तर ते घालावयाचे कोणावर, हा प्रश्न उभा राहतो. कारण चिंबोरी धरणाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ मोजता येईल अशी नौकाच नाही.

पावसाळी बंदीचेही तसेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्यांच्या आणि शिडांच्या बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे, आणि ती योग्यही आहे. कारण पावसाळ्यात या माणसांना दुसरे काम मिळणे कठीण असते. परंतु परिणामी खाडीतील चिंबोरीला बंदीचा प्रत्यक्ष विसावा असा मिळत नाही. खोल समुद्र बंद असताना मासळीला भाव चढतो आणि खाडीवरील ताण उलट वाढतो.

चिंबोरीचे जीवन

येथे थोडे प्राणिशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. खेकड्याचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. म्हणून ठराविक काळाने तो जुने कवच टाकतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत मऊ, दुबळा आणि पाण्याने फुगलेला असतो. बाजारात हलकी लागणारी, शिजविल्यावर आत मांस न सापडणारी चिंबोरी ती हीच. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असा खाडीकाठी पक्का समज आहे. गिऱ्हाईकही तिथी विचारून भाव करते!

मादी पक्व होते ती अशाच एका कात टाकण्याच्या वेळी. त्या वेळी नर तिला आपल्या पायांखाली धरून ठेवतो, तिचे रक्षण करतो आणि तिचे अंग मऊ असतानाच मीलन होते. नंतर तिच्या पोटात अंडाशय भरू लागतो. या तांबूस-केशरी गोळ्याला खाडीकाठी 'लाख' म्हणतात, आणि लाखेची चिंबोरी म्हटली की दर वेगळा. हा शब्द आकडा म्हणून घेतला तरी चूक ठरत नाही. मोठ्या मादीच्या अंड्यांची संख्या वीस लाखांच्याही पुढे जाते. मात्र ही अंडी खाडीत सोडली जात नाहीत. मादी खाडीचे मुख ओलांडून समुद्रात जाते. तेथे अंडी बाहेर येऊन तिच्या पोटाखालील रुंद झडपेला गुच्छासारखी चिकटतात. त्यांतून निघालेली पिले पाण्यात तरंगत अनेक रूपे पालटतात आणि इवलीशी खेकडी होऊन पुन्हा खाडीच्या कांदळवनात परततात.

या एका गोष्टीचा नियमनाशी फार जवळचा संबंध आहे. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली मादी सोडून द्यावी, हा नियम सर्वांना पटतो. सभांमधून तोच सांगितला जातो. परंतु अशी मादी आकडीवाल्याला किंवा फग लावणाऱ्याला क्वचितच दिसते, कारण ती तोवर समुद्रात गेलेली असते. ती सापडते ट्रॉल आणि डोल जाळ्यांत. म्हणजे गुच्छवाली मादी सोडण्याचा नियम खऱ्या अर्थाने परवानाधारक नौकांनी पाळावयाचा आहे. खाडीत मात्र दोन वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : एकदाही प्रजनन न झालेली लहान चिंबोरी न धरणे, आणि समुद्राकडे निघालेल्या लाखेच्या माद्यांपैकी काही तरी सुटू देणे. दुसरी गोष्ट बोलावयास सोपी आणि करावयास अवघड आहे, कारण बाजार सर्वाधिक पैसे देतो ते नेमके त्याच मादीला.

इतर देशांतील पद्धती

खेकडा धरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या सापळ्यांनाच परवाना देण्याची पद्धत काही देशांत आहे. तिचा आपल्याकडे तंतोतंत उपयोग नसला तरी तिच्यातील यशापयश समजून घेण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या खाड्यांत आपलीच चिंबोरी, म्हणजे 'सायला सेराटा', धरली जाते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळापासून मादी धरण्यास बंदी आहे, आणि नराच्या कवचाची रुंदी किमान १५ सेंटिमीटर असावी लागते. व्यापारी परवान्याला सापळ्यांची संख्या जोडलेली असते. २०२१ पासून प्रत्येक परवानाधारकाने किती चिंबोरी धरावी याचा वाटाही ठरवून देण्यात आला. मादी आणि नर ओळखण्यास तेथे कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. खेकडा उलटा केला की नराच्या पोटावरील झडप अरुंद, निमुळती दिसते आणि पक्व मादीची रुंद, गोलाकार दिसते. आपल्याकडील कोणतीही कोळीण हे डोळे झाकून सांगेल.

अमेरिकेतील चेसापीक उपसागरात निळ्या खेकड्याची मासेमारी मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेली आहे. मेरीलँडमध्ये १९९० नंतरच्या दशकात व्यापारी परवान्यांची संख्या गोठविण्यात आली. तेथील मर्यादित परवान्यावर ५० सापळे लावता येतात, तर मोठ्या परवान्यावर ३०० आणि सोबत मदतनीस असल्यास ९०० पर्यंत. अंड्यांची मादी धरण्यास बंदी आहे; टणक कवचाच्या नराची रुंदी हंगामाच्या आरंभी ५ इंच, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर, भरावी लागते; आणि सापळ्याला विशिष्ट मापाची गोल कडी बसवावी लागते, जीतून लहान खेकडा आपण होऊन बाहेर पडतो. एवढे सर्व असूनही २००८ पर्यंत साठा इतका घसरला की केंद्र सरकारने तेथील खेकडा व्यवसायावर आपत्ती ओढवल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दोन्ही राज्यांनी माद्यांची पकड ३४ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरविले आणि व्हर्जिनियाने हिवाळ्यात चिखलात रुतलेल्या माद्या खरवडून काढण्याची जुनी पद्धत बंद केली. २०१२ च्या पाहणीत खेकड्यांची संख्या ७६ कोटींच्या वर गेल्याचे आढळले. पुढे २०२२ मध्ये ती २२ कोटी ७० लाखांवर, १९९० पासूनच्या पाहण्यांतील नीचांकावर आली. बाहेरून आणून सोडलेल्या मार्जारमाशाने खेकडे खाणे आणि पाण्याखालील गवत कमी होणे ही त्यासंबंधी चर्चेत असलेली कारणे परवान्याच्या आवाक्याबाहेरची आहेत.

अलास्कातील ब्रिस्टल उपसागराची कथा आणखी वेगळी. तेथील तांबड्या राजखेकड्याची पकड १९८० साली १३ कोटी पौंडांवर, म्हणजे सुमारे ५९ हजार टनांवर गेली आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. अलास्कात खेकड्याचे आकारमान, लिंग आणि हंगाम या तीन गोष्टींवर नियमनाची उभारणी असे. तीनही गोष्टी योग्य होत्या, परंतु नौका फार होत्या. पुढे हंगाम आखडत आखडत काही दिवसांवर आला आणि वादळ असो वा नसो, सर्व नौका एकाच वेळी धावू लागल्या. २००५ मध्ये प्रत्येकाचा वाटा ठरवून देण्यात आला. अडीचशेच्या आसपास असलेल्या नौका शंभराच्या आत आल्या, धावाधाव थांबली, जीवितहानी कमी झाली. मात्र नौकांवरील खलाशांचे रोजगारही त्याच प्रमाणात गेले, आणि वाटा मिळाला तो प्रामुख्याने नौकामालकांना. आपल्याकडे कोणी उत्साहाने वाट्याची पद्धत सुचविली तर ही बाजूही त्याच्यापुढे ठेवावी.

प्रस्तुत लेखकाच्या मते कोकणच्या खाडीत आकडीवाल्याला परवाना लावणे हे व्यवहार्यही नाही आणि न्याय्यही नाही. ज्याच्याजवळ कागद सांभाळण्यास पेटी नाही, त्याच्यावर पहिली कारवाई होईल; आणि गावोगावची चिंबोरी एकत्र करून नेणारा व्यापारी कोणत्याही परवान्याशिवाय मोकळा राहील. आकार, लिंग आणि हंगाम या तीनपैकी आकाराचा नियम खाडीसाठी सर्वांत सोपा आहे. तो धरणाऱ्याइतकाच विकत घेणाऱ्यालाही लावता येतो.

महाराष्ट्राने या दिशेने पाऊल टाकले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. केरळने असे पाऊल त्यापूर्वीच टाकले होते. (त्याच महिन्यात पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. वृत्तपत्रांनी अर्थातच पापलेटालाच अधिक जागा दिली.) ही यादी आणि त्यातील मापे मासळी उतरविण्याच्या प्रत्येक ठिकाणी, संस्थेच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जाणे आवश्यक आहे. कार्यालयातील धारिकेत असलेले माप टोपलीतील चिंबोरीला लागू पडत नाही.

कांदळवन, कोंडी आणि पंचायत

चिंबोरीचे घर कांदळवन आहे. राज्यातील कांदळवनांचे मोठे क्षेत्र आता वनक्षेत्र म्हणून अधिसूचित झालेले आहे. त्यांच्या तोडीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिले आणि २०१८ मध्ये अंतिम निर्णय देताना भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करीत आहे. तेव्हा खाडीत पिंजरे ठेवून किंवा कांदळवनात जाळ्याचे कुंपण घालून चिंबोरी वाढवावयाची असेल, तर जागेच्या बाबतीत या कक्षाची संमती प्रथम पाहावी. २०१७ पासून राबविलेल्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालनाचा समावेश असून गावातील सहव्यवस्थापन समितीमार्फत गटांना अर्थसाहाय्य देण्यात आले.

तळी खोदून खेकडापालन करावयाचे झाल्यास नियम वेगळे आहेत. खाऱ्या किंवा मचूळ पाण्यावरील शेतीसाठी तटीय जलकृषी प्राधिकरण अधिनियम, २००५ लागू होतो आणि प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते व ती नूतन करून घ्यावी लागते. पूर्वी विनानोंदणी शेतीस कारावासाची शिक्षा होती. २०२३ च्या सुधारणेने तिच्या जागी आर्थिक दंड आला. नुकतीच कात टाकलेली पोकळ चिंबोरी स्वस्तात घेऊन तीन-चार आठवडे खाद्य देऊन भरविणे, हा या व्यवसायाचा सर्वांत सुटसुटीत प्रकार आहे. त्यात वाढीची वाट पाहावी लागत नाही. मात्र खाडीतूनच गोळा केलेली लहान पिले तळ्यात सोडण्याची प्रथा पडली, तर पालनाच्या नावाखाली खाडी अधिकच रिकामी होईल. यासाठी तमिळनाडूत सिरकाळीजवळ राजीव गांधी जलकृषी केंद्राने उभारलेल्या बीजोत्पादन केंद्रासारख्या ठिकाणचे बीज वापरणे इष्ट आहे. चिंबोऱ्या एकमेकींना खातात, हेही नवख्या गटांनी आरंभीच समजून घ्यावे. पुष्कळ तळ्यांचा हिशेब तेथेच चुकतो.

राहिला प्रश्न पायी चिंबोरी धरणाऱ्यांच्या क्षेत्राचा, जेथे नौकेचा परवाना पोहोचत नाही. येथे ग्रामपंचायतीच्या हाती एक साधन आहे आणि ते फारसे वापरले गेलेले नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. आपल्या हद्दीतून व्यापारी हेतूने जैविक संसाधन गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची तरतूद या अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये आहे. लोकजैवविविधता नोंदवहीत खाडीतील चिंबोरी, तिचे हंगाम, बिळांच्या जागा आणि ती धरणारी कुटुंबे यांची नोंद झाली, तर बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराशी बोलताना पंचायतीला काही आधार राहतो. पुष्कळ ठिकाणी या नोंदवह्या वनस्पतींच्या नावांनी भरलेल्या दिसतात. खाडी त्यांतून निसटलेली असते. शिक्षकांनी मुलांकडून आजी-आजोबांना विचारून ही माहिती जमविल्यास ती कोणत्याही पाहणीपेक्षा भरवशाची होईल, कारण कोणत्या भरतीला कोणत्या फाट्यात चिंबोरी येते हे त्यांनाच ठाऊक असते.

ग्रामसभेने स्वतः पाळावयाच्या काही गोष्टी ठरविल्या, तर त्यांसाठी शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आमिष बांधून लावावयाची गोल जाळी, जिला रायगडकडे फग म्हणतात, ती मोठ्या आसाची विणणे. पिंजऱ्याला लहान चिंबोरी बाहेर पडेल एवढी फट ठेवणे. लहान निघालेली चिंबोरी त्याच बिळाजवळ सोडणे. पाण्यात विष किंवा स्फोटके वापरून मासळी मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच गुन्हा आहे, आणि त्या अधिनियमाच्या भाषेत 'मासा' या शब्दात कवचधारी जीवही येतात.

माप घेण्याची रीत सोपी आहे. चिंबोरी पाठीवरून पाहावी, कवचाच्या सर्वांत रुंद भागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे आडवे अंतर घ्यावे. नांग्या आणि पाय मोजावयाचे नाहीत. एका फळीत ठरलेल्या मापाची खाच पाडून ती बाजाराच्या तोंडाशी टांगली, की चिंबोरी खाचेतून आरपार जाते की अडते एवढेच पाहावयाचे राहते. गावचा सुतार अशी फळी अर्ध्या दिवसात करून देईल.